प्रवेशाआधी एक चक्कर

फायनल इयर आलं की घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे वडील ‘कॅम्पसमधून मिळालेली नोकरी सोडायची नाही’ या पक्षाचे, मी एम.टेक.च्या. गेट देऊन झाली होती, निकाल बाकी होता. तेवढ्यात कळलं की बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ओपन डे आहे. दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमधल्या एका शनिवारी ही संस्था सगळ्यांना खुली असते, तीही फुकट. मामांना तयार केलं आणि मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी यशवंतपूरला उतरलो. संस्था तिथून अगदी जवळ. रिक्षावाल्याला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणायचं, लगेच कळतं. कल्पना जमशेटजी टाटांची, पण 1909 साली संस्था स्थापन झाली तेव्हा ते हयात नव्हते. 371 एकर जमीन म्हैसूरच्या राजघराण्याने दिली.

ओपन डेला जत्रा असते. शाळांच्या सहली, विंड टनेलपाशी रांग, हातात माहितीपत्रकं. मजा आली, पण मित्रहो, एवढंच बघून ॲडमिशनचं ठरवू नका. त्या दिवशी सगळेच प्रयोग यशस्वी होतात!

म्हणून आम्ही रविवारीही थांबलो. आपल्याच कॉलेजची एक सीनियर ताई तिथे सिव्हिलमध्ये आहे. तिचा विषय न भाजलेल्या विटा : मातीत वाळू आणि थोडं सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या. या कामाची तिथली परंपरा जुनी. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान करायचं म्हणून अमूल्य रेड्डी यांनी 1974 मध्ये तिथे ‘अस्त्र’ नावाचा विभाग सुरू केला. बिनधुराची चूलही त्यातूनच आली. सुनसान लॅबमध्ये ताई एकटीच नोंदी करत बसली होती. विचारलं, “ताई, कंटाळा येत नाही?”

“येतो ना. पहिले चार महिने माझ्या विटा पाण्यात ठेवल्या की विरघळायच्या. सर काही बोलायचे नाहीत, त्याचंच जास्त टेन्शन.”

मामांनी मुद्द्याला हात घातला. “मग हिने नोकरी सोडायची म्हणता?”

“सोडायची कशाला, मामा? गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. मीही आधी दीड वर्ष साइटवर होते.”

हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे वाचलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. तिने आणखी एक फरक समजावला. कोर्सवर्कच्या एम.टेक.ला बहुतेक ठिकाणी गेटच्या स्कोअरवर प्रवेश होतो आणि ऑफर ‘कोॲप’ या सामाईक पोर्टलवर फेऱ्यांनी येतात. आलेली ऑफर हातात ठेवून पुढच्या फेरीची वाटही बघता येते. रिसर्चच्या एम.टेक.ला मात्र इंटरव्ह्यू असतो आणि तिथे पाया कच्चा असेल तर लपत नाही.

दुपारी मल्लेश्वरमला लोण्याचा डोसा खाल्ला आणि मेट्रोने लालबाग गाठलं. लोक फुलं बघतात, सिव्हिलवाल्यांनी तिथला कातळ बघावा. नाइस जातीचा हा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा. आपला काळा बेसाल्ट त्याच्यापुढे पोरच, साडेसहा कोटींचा. मामा कातळावर बसून शहर बघत राहिले. “एवढ्या लोकांना पाणी कुठून?” कावेरीचं. जवळजवळ 100 किलोमीटरवरून, साधारण अर्धा किलोमीटर उंच पंपाने चढवून. मामा शेतकरी, मोटरीचं बिल त्यांना लगेच दिसलं. “मग इथं राहायचं तर बादली जपून वापर,” म्हणाले. ‘राहायचं तर’ हे मी मनात टिपून ठेवलं.

परतीच्या गाडीत मामांनी वडिलांना फोन लावला. मला वाटलं आता माझी बाजू मांडतील. ते आपले दहा मिनिटं डोशाबद्दलच बोलत होते. फोन ठेवायच्या आधी म्हणाले, “आणि दाजी, ते मार्क तीन वर्षं चालतात म्हणे.”