शिकारी, वनरक्षक आणि पंच

उत्तरेला सातपुडा, मधून गेलेली अजिंठ्याची डोंगररांग आणि या दोहोंच्या मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे, अशी बुलढाणा जिल्ह्याची ठेवण आहे. लोकव्यवहारात तालुक्यांची वाटणीही घाटावरचे आणि घाटाखालचे अशीच केली जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बुलढाणा ते खामगाव या मार्गावर, बोथ्याच्या परिसरात, सुमारे २०५ चौरस किलोमीटर विस्ताराचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ साली त्याची घोषणा झाली. लोणारच्या विवराचा परिसरही अभयारण्य म्हणून संरक्षित आहे. बिबट, अस्वल, चिंकारा, रोही, रानडुक्कर, ससा, मोर आणि तितर हे प्राणी-पक्षी या वनांत व त्यांच्या लगतच्या शिवारांत वावरत असतात.

अभयारण्याची हद्द नकाशावर रेखलेली असते, परंतु प्राणी ती जाणत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या पावसाळ्याच्या सुमारास तेथून निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा मार्ग नोंदला गेला. एवढ्या अवधीत त्याने १,३०० किलोमीटरहून अधिक अंतर तोडले होते आणि त्यातील पुष्कळसा प्रवास शेतांतून, नाल्यांच्या काठाने व गावांच्या शिवेवरून झाला होता. वन्यप्राण्यांचे संरक्षण केवळ अभयारण्याच्या फाटकाआड होऊ शकत नाही, हे यावरून ध्यानात येते. ते गावाच्या शिवारातही व्हावे लागते, आणि शिकारी व वनरक्षक यांची गाठही बहुधा अशाच ठिकाणी पडते.

या भेटीनंतरच्या पहिल्या काही तासांत जे घडते, त्यावर खटल्याचे भवितव्य अवलंबून असते. योग्य रीतीने काम झाले, तर अपराध्यास शिक्षा होते व निरपराध्यास त्रास होत नाही. रीत चुकली, तर खरा अपराधी सुटतो किंवा भलताच मनुष्य तुरुंगात जातो. म्हणून वन विभागाचे कर्मचारीच नव्हे, तर पंच म्हणून बोलाविले जाणारे ग्रामस्थ, सरपंच व शिक्षक यांनीही या विषयातील मूलभूत गोष्टी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची वाटचाल

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली संसदेने संमत केला. मूळ अधिनियमात परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करण्यास वाव होता. प्राणी पकडण्याचेही परवाने मिळत. १९९१ च्या सुधारणेने ही परवाना पद्धत बंद झाली. २००२ साली शिक्षा वाढविण्यात आल्या. २०२२ साली संमत होऊन १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारणेने अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणली व दंडाच्या रकमा वाढविल्या.

शिकार या शब्दाचा कायद्यातील अर्थ सर्वसाधारण समजुतीपेक्षा व्यापक आहे. प्राण्यास ठार मारणे एवढाच तो नाही. विष घालणे, फासे वा सापळे लावणे, हाका करणे, आमिष ठेवणे, प्राण्यास जखमी करणे, पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणे यांचाही त्यात समावेश होतो. मारण्याचा किंवा पकडण्याचा प्रयत्न फसला तरी तो अपराधच ठरतो. "फासा लावला होता, पण काही सापडले नाही," हा बचाव त्यामुळे पुरेसा होत नाही.

शिक्षेच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. सर्वसाधारण अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु बिबट, अस्वल, चिंकारा, काळवीट किंवा मोर यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास, तसेच किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. अभयारण्यात केलेल्या शिकारीलाही हीच वाढीव शिक्षा लागू होते, मग प्राणी कोणत्याही अनुसूचीतील असो. हद्दीबाहेर ससा मारणारा आणि हद्दीच्या आत ससा मारणारा यांच्या शिक्षेत यामुळे मोठे अंतर पडते. घटनास्थळ अचूक नोंदविणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून कळून येईल.

शिकार करणारे कोण?

शिकारीच्या प्रकरणांत सापडणारे सर्व लोक एकाच प्रकारचे नसतात. कायदा सर्वांना सारखाच लागू असला, तरी उपाय मात्र वेगवेगळे योजावे लागतात.

पहिला वर्ग पिकाच्या राखणीपायी अपराध करणाऱ्यांचा. मका, सोयाबीन, तूर व हरभरा यांची रोही आणि रानडुकरे नासधूस करतात. रात्रभर जागल करून थकलेला शेतकरी कधी बांधावर फासे लावतो, तर कधी कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडतो. या तारेला प्राण्यांप्रमाणेच शेजारच्या शेतातील माणूस आणि गुरेही बळी पडू शकतात. असा वीजप्रवाह चोरून घेतलेला असेल तर विद्युत अधिनियम, २००३ खालीही गुन्हा होतो. वस्तुतः यासाठी कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकास धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. पीकनुकसानीबद्दल शासनाकडून अर्थसाहाय्यही मिळते. सौर कुंपणाचा झटका क्षणिक व सौम्य असतो. त्याने प्राणी परततो, मरत नाही.

दुसरा वर्ग परंपरेने शिकारीवर उपजीविका करणाऱ्यांचा. फासेपारधी समाजाचे नावच त्याच्या साधनावरून पडले आहे. शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडून पाखरांच्या जवळ जाणे, त्यांच्या वाटा ओळखणे, फासे मांडणे या कौशल्यांवर या समाजाच्या अनेक पिढ्या जगल्या. ब्रिटिश राजवटीत १८७१ साली आलेल्या व पुढे विस्तारलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने असे अनेक समाज जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मात्र त्याने लावलेला कलंक लोकांच्या मनातून तितक्या लवकर गेला नाही. शिकारबंदीने या समाजाचा पारंपरिक धंदा संपला, पण बदल्यात जमीन किंवा स्थिर रोजगार सर्वांच्याच हाती आला असे झाले नाही. वनहक्क अधिनियम, २००६ ने वनांवरील अनेक पारंपरिक हक्क मान्य केले असले, तरी शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे.

तिसरा वर्ग व्यापारासाठी शिकार करणाऱ्या टोळ्यांचा. वाघ व बिबट यांची कातडी, नखे आणि हाडे यांच्या चोरट्या व्यापाराची साखळी राज्याच्या व देशाच्या सीमा ओलांडून जाते. अशा व्यापाराला आळा घालण्यासाठी २००६ च्या दुरुस्तीन्वये केंद्र शासनाचा वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग अस्तित्वात आला. या टोळ्यांना स्थानिक वाटाड्या लागतो. उपाशी कुटुंबातील मनुष्य थोड्या पैशांसाठी ते काम पत्करतो आणि पकडला जातो तोच. माल विकत घेणारा दूर राहतो. चौकशी पकडलेल्या माणसापाशीच थांबली, तर ही साखळी तुटत नाही.

समोरासमोर आल्यावर

वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात पुष्कळदा एकटाच फिरत असतो. समोर तीन-चार माणसे, कुत्री व हत्यारे असली तर त्याने धाडस करून एकट्याने झडप घालण्यापेक्षा माणसे, वाहन व दिशा यांची नोंद करून वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यास कळविणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अधिनियमाच्या कलम ५० अन्वये वनाधिकाऱ्यास तसेच उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास झडती, जप्ती व अटक यांचे अधिकार आहेत. या अधिकारांना मर्यादाही आहेत. आपले नाव व पत्ता सांगून अधिकाऱ्याची खात्री पटविणाऱ्या आणि बोलावणे येताच हजर राहील अशा मनुष्यास विनावॉरंट अटक करण्याचे कारण उरत नाही. अटक केलेल्या व्यक्तीस व जप्त मालास विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. चोवीस तासांची मर्यादा तर राज्यघटनेनेच घातलेली आहे. अटकेची माहिती नातलगांना द्यावी लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावयाची असते आणि अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. पहाटेच्या अंधारात संपूर्ण बेड्याला वेढा घालून हाती लागेल त्याला उचलणे या चौकटीत बसत नाही. त्रास देण्याच्या हेतूने अकारण जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यास कलम ५३ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मारहाणीने मिळविलेला कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. याउलट, सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदविलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो. जागेवर पैसे घेऊन प्रकरण मिटविण्याचा अधिकार वनरक्षकास किंवा वनपालास नाही. काही अपराधांत तडजोड करण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु तो अधिकार वरिष्ठ प्राधिकृत अधिकाऱ्याचा आहे आणि किमान कारावास ठरवून दिलेल्या अपराधांत तडजोड होऊच शकत नाही.

पंचांचे काम

झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक निःपक्ष व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर असावे लागतात. गावात हे काम अनेकांना नकोसे वाटते. एकीकडे आरोपीच्या नातलगांशी वैर नको असते, दुसरीकडे कोर्टाच्या फेऱ्या नको असतात. मग कार्यालयात बसून तयार केलेल्या कागदावर सही करण्याचा प्रकार घडतो. वर्ष-दोन वर्षांनी उलटतपासणीत पंचाला घटनास्थळ सांगता येत नाही आणि सगळा खटला ढासळतो.

पंचाने घटनास्थळी प्रत्यक्ष जावे. फासा कोठे होता, तार कोणत्या खांबावरून आली होती, मांस किती व कशात होते, कोणाच्या ताब्यातून काय निघाले, हे स्वतः पाहावे. गट क्रमांक किंवा वनकक्ष क्रमांक, तारीख व वेळ पंचनाम्यात लिहिली आहे याची खात्री करून घ्यावी. मालावर आपल्यासमोर मोहोर लावली गेली की नाही ते पाहावे. वाचून दाखविल्याशिवाय सही अथवा अंगठा देऊ नये. जे पाहिले नाही ते पाहिल्याचे लिहू देऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचा दंडक घातला आहे. त्यामुळे खऱ्या पंचाचे काम सोपे व खोट्या पंचाचे अवघड झाले आहे.

मांस कोणत्या प्राण्याचे आहे हे नजरेने ठरविणे धोक्याचे असते. बकऱ्याचे मांस हरणाचे म्हणून आणि हरणाचे बकऱ्याचे म्हणून खपविले जाऊ शकते. यासाठी नमुने मोहोरबंद करून देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादची पेशी व रेणवीय जीवविज्ञान संस्था यांच्याकडे तपासणीसाठी पाठविता येतात. नमुना घेतल्यापासून तो प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतच्या प्रत्येक हस्तांतरणाची नोंद असणे मात्र आवश्यक आहे.

ग्रामपंचायत व शाळा

ग्रामपंचायतीस पुष्कळ गोष्टी साध्य करता येण्यासारख्या आहेत. ज्या शेतकऱ्याचे पीक प्राण्यांनी खाल्ले, त्याचा अर्ज तत्काळ वन कार्यालयात पोहोचविणे ही त्यांतील पहिली. नुकसानीचा मोबदला वेळेवर मिळाला, तर तारेत वीज सोडण्याचा मोह कमी होतो. संशयास्पद हालचालींची माहिती वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर देण्यास ग्रामस्थांना सांगता येईल. अटक झालेली व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. कोठडीतील कोणत्याही व्यक्तीस तो मिळतो. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत समाविष्ट आहे. तेव्हा जातीचा दाखला, शिधापत्रिका व घरकुल यांसाठी बेड्यावरील कुटुंबांचे अर्ज पूर्ण करून घेणे हेही वन्यजीव संरक्षणाचेच काम समजावे.

शिक्षकांची जबाबदारी याहून नाजूक आहे. बाप तुरुंगात गेला की बेड्यावरचे मूल प्रथम शाळेतून गळते. वर्गात त्याला शिकाऱ्याचे पोर म्हणून हिणविले गेले, तर ते परत येत नाही. पक्ष्यांचा आवाज, प्राण्यांच्या पाऊलखुणा, गवतांच्या जाती यांचे जे ज्ञान त्या मुलाला घरातून मिळालेले असते, ते परिसर अभ्यासाच्या तासाला इतर कोणाजवळ नसते. तितराचे घरटे कोठे असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडूनच ते राखण्याचे काम उत्तम होऊ शकते.

ज्ञानगंगेच्या किंवा अंबाबरव्याच्या रक्षणासाठी बंदोबस्त हवा, वाहने हवीत, मनुष्यबळ हवे, यात शंका नाही. पण शिवारात एखादा फासा सापडतो तेव्हा तेथे हजर असतात एक वनरक्षक, एक आरोपी आणि गावातले दोन पंच. वनरक्षकाने कायद्याची रीत पाळली, पंचांनी खरे तेच लिहू दिले आणि आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली, तर प्राणीही वाचेल आणि माणसावरही अन्याय होणार नाही.