चौफेर वाढ

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं प्रगतिपुस्तक घेऊन घरीं जाणाऱ्या मुलास दारांतच प्रश्न ऐकूं येतो : "किती टक्के पडले?" प्रश्न गैर नाहीं. मुलास शाळेंत घालण्यासाठीं आईबाप पोटाला चिमटा घेतात. तेव्हां अभ्यास कितपत झाला हें विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. परंतु वर्षभरांत घरांत हा एकच प्रश्न विचारला जात असेल, तर मुलाच्या मनांत एक समजूत हळूहळू मूळ धरते. ती अशी कीं, आपण म्हणजे आपले गुण, आणि गुण कमी पडले तर आपणच कमी पडलों. ही समजूत जितकी खोटी तितकीच घातक आहे. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून कधीं कधीं ज्या दुःखद बातम्या वाचाव्या लागतात, त्या वाचून कोणत्या आईबापांचें काळीज हललें नसेल? म्हणून मुलाची वाढ म्हणजे काय, ती किती बाजूंनीं व्हावी लागते, आणि तींत शाळेचा वाटा किती व घराचा किती, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाढीच्या चार बाजू

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीं प्रभु येशूच्या बाळपणाचा सारांश एकाच वचनांत आला आहे. ज्ञान, शरीर, देवाशीं असलेलें नातें व माणसांशीं असलेलें नातें, या चारही अंगांनीं तो मुलगा वाढत गेला, असा त्या वचनाचा आशय आहे. त्याच अध्यायांत हा मुलगा बाराव्या वर्षीं मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकतांना व त्यांस प्रश्न विचारतांना दिसतो. आणि मग आईबापांबरोबर नासरेथास परत जाऊन त्यांच्या आज्ञेंत राहतो. म्हणजे मंदिर, घर व सुताराचें दुकान, या तिन्ही ठिकाणीं त्याचें शिक्षण चाललें होतें. चारांपैकीं एकच बाजू फुगली व बाकीच्या तीन खुरटल्या, तर तिला वाढ म्हणतां येत नाहीं. ती सूज होय.

हा विचार शाळांत कसा आला

१७९८ सालीं फ्रेंच सैन्याच्या हल्ल्यांत स्वित्झर्लंडांतील स्टान्स या गांवाची राखरांगोळी झाली. तेथील पोरक्या मुलांचा सांभाळ करण्याचें काम पेस्तालोझी (१७४६–१८२७) यांनीं अंगावर घेतलें. मुलें उपाशी, आजारी, भेदरलेलीं होतीं. पेस्तालोझींनीं आधीं त्यांस जेवूं घातलें, स्वच्छ केलें, व ते रात्रंदिवस त्यांच्यांतच राहिले. पाटी-पुस्तक मागाहून आलें. हें काम अवघे कांहीं महिने चाललें, परंतु डोकें, हृदय व हात या तिहींचें शिक्षण एकत्र झालें पाहिजे, हें सूत्र त्यांनीं जन्मभर सोडलें नाहीं. त्यांच्या इव्हर्डन येथील शाळेंत १८०८ ते १८१० अशीं दोन वर्षें राहून फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनीं ती पद्धति जवळून पाहिली. पुढें १८४० सालीं त्यांनीं आपल्या बालशाळेस 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. नांवांतच सगळा सिद्धांत आहे. माळी रोपाला ओढून वाढवीत नाहीं. तो माती, पाणी, ऊन व कुंपण यांची तजवीज करतो. वाढतें तें रोपच.

१८८६ सालीं पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास फिलाडेल्फियास गेल्या, व अमेरिकेच्या त्या मुक्कामांत त्यांनीं फ्रोबेलच्या या पद्धतीचा अभ्यास केला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस 'शारदा सदन' उघडलें, आणि पुढें दुष्काळाच्या वर्षांत केडगांवच्या 'मुक्ति'मध्यें शेंकडों निराधार मुलींस आसरा दिला. तेथें मुली अक्षरें शिकल्या, तशाच विणकाम, शिवणकाम, शेती व गुरांची निगा हींही शिकल्या. रमाबाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यांत स्त्रियांनीं खिळे जुळवून छापलें. ज्या मुलीस जगानें टाकून दिलें होतें, तिच्या हातीं आधीं अन्न, मग काम व पुस्तक, आणि सरतेशेवटीं स्वतःविषयींचा विश्वास आला.

आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें १९४५ सालीं ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. मुलें बालवाडीस येत नाहींत असें दिसलें, तेव्हां त्यांनीं व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली; तीच अंगणवाडी. पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा भरूं लागली. या सर्वांच्या कामांत एक गोष्ट समान आहे : मूल जेथें आहे व जसें आहे, तेथूनच त्यांनीं आरंभ केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें समग्र प्रगतिपत्रकाची शिफारस केली आहे; त्यांत शिक्षकाच्या जोडीला विद्यार्थ्यानें स्वतः व त्याच्या सोबत्यांनीं केलेलें मूल्यमापनही असावें, अशी कल्पना आहे. म्हणजे हाच जुना विचार आतां सरकारी कागदावरही आला आहे. तो घराघरांत यावयाचा आहे.

शरीर

ज्यांस आपण मंद म्हणतों, त्यांपैकीं कांहीं मुलें मुळींच मंद नसतात. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका मुलीच्या वहींत फळ्यावरील आंकडे नेहमीं चुकीचे उतरत. ३ चा ८ होई, १ चा ७ होई. हलगर्जी म्हणून तिला घरीं बोल ऐकावे लागत. डोळे तपासले तेव्हां कळलें कीं तिला फळा नीट दिसतच नव्हता. चष्मा आला, आणि हलगर्जीपणा आठवड्याभरांत पळाला.

कान, झोंप व न्याहारी यांचेंही असेंच आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज ९ ते १२ तास, व तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास ८ ते १० तास झोंप मिळावी, असें वैद्य सांगतात. पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनीं रोज सरासरी ६० मिनिटें तरी अंगाला चांगला व्यायाम होईल असें खेळावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. मोबाईल उशाशीं घेऊन मध्यरात्रीपर्यंत जागणारें मूल पहिल्या तासाला जांभया देतें, त्याचें कारण गणिताच्या पुस्तकांत शोधून सांपडावयाचें नाहीं. आणि दहावीचें वर्ष लागलें म्हणून मुलाचें खेळणें साफ बंद करणारे पालक, बैलाची वैरण तोडून नांगरट वाढवूं पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखे होत.

बुद्धि

पाठांतर वाईट नव्हे. पाढे व कविता मुखोद्गत असल्याच पाहिजेत. परंतु पाठ केलेलें समजलें आहे कीं नाहीं, हें मुलाच्या उत्तरांपेक्षां त्याच्या प्रश्नांवरून अधिक कळतें. एका विद्यार्थ्यास अपूर्णांकांची धास्ती होती. १२ चे तीन-चतुर्थांश किती, हें वहींत त्याला कांहीं केल्या सुटेना. सुतारकामाच्या तासास त्याला एक फूट लांबीची लांकडी पट्टी देऊन तींतून पाऊण फुटाचा तुकडा कापावयास सांगितलें. त्यानें दर ३ इंचांवर खूण करून पट्टीचे चार सारखे भाग पाडले, तिसऱ्या खुणेवर करवत धरली, आणि एकदम थांबून तो म्हणाला, "म्हणजे नऊच कीं!" जें गणित डोक्यांत शिरत नव्हतें, तें हातांतून डोक्यांत गेलें.

आपल्या पणजोबांच्या काळीं पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असत, त्या अशाच रोजच्या देण्याघेण्यांतून आलेल्या होत्या. आजही पाव किलो डाळ, अर्धा लिटर दूध, पाऊण वाटी साखर मुलांकडून मोजून घेणारी आई शिकवणीच्या बाईंचें अर्धें काम करते, व तिला त्याचा पत्ताही नसतो. तसेंच घरांतील बोलण्याचें. जें मूल संध्याकाळीं आपल्या भाषेंत दिवसाची हकीकत नीट क्रमानें सांगूं शकतें, त्याला पुढें इंग्रजी निबंध लिहिणेंही सोपें जातें; कारण भाषा दोन असल्या तरी विचार जुळविण्याची संवय एकच आहे.

माणसांशीं नातें

परीक्षेच्या खोलींत मूल एकटें बसतें. जगांत त्याला एकटें बसतां येत नाहीं. खो-खोच्या खेळांत पाटीवर बसलेला गडी कितीही चपळ असला तरी खो मिळाल्यावांचून त्याला उठतां येत नाहीं. आपली पाळी येईपर्यंत दम धरावयाचा, आणि आली कीं सर्व बळानें धांवावयाचें, हा धडा पुस्तकांतून शिकवितां येणार नाहीं. घरांतही असे धडे पुष्कळ आहेत. आपलें ताट आपण उचलणें, पाणी भरणें, आजीला वेळेवर औषध देणें, या कामांनीं अभ्यास बुडत नाहीं; उलट आपण कोणाच्या तरी उपयोगीं पडतों, ही जाणीव मुलास उभें करते. हीं कामें मुलींचीं, असें म्हणून मुलग्यांस त्यांतून वगळणारें घर दोघांचेंही नुकसान करतें : मुलीचा वेळ जातो, आणि मुलग्याचे हात जातात. "शेजारच्या मुलाकडे बघ," हें वाक्यही घरांतून हद्दपार झालेलें बरें. त्यानें आपलें मूल सुधारत नाहीं. शेजारचें मूल मात्र त्याला शत्रूसारखें वाटूं लागतें.

देवाशीं नातें

आमच्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. देवाचें भय व सत्याची चाड ही कोणा एकाची मिरास नव्हे, हें आम्ही जाणून आहों. परंतु शाळेंत नीतिबोधाचा तास ठराविक वेळीं असतो. घरांत तो दिवसभर चालू असतो. बसमध्यें अर्ध्या तिकिटावर भागावें म्हणून तेरा वर्षांच्या मुलाचें वय अकरा सांगितलें जातें, तेव्हां चार रुपये वांचतात खरे. पण मूल शेजारीं बसून ऐकत असतें. दाराशीं कोणी आलें असतां "बाबा घरीं नाहींत म्हणून सांग," असा निरोप ज्याच्या हातीं जातो, तोही मूलच असतो. त्याच मुलानें पुढें परीक्षेंत शेजाऱ्याच्या वहींत डोकावलें, तर तो हा धडा कोठें शिकला, याचा शोध करावयास फार लांब जावें लागणार नाहीं.

कोणाचा वाटा किती?

आतां विद्यार्थ्यांनो, जरा पेन्सिल घ्या. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यांत सहावी ते आठवीच्या वर्गांस वर्षाला निदान २२० दिवस व १००० तास अध्यापन व्हावें, असें ठरविलें आहे. वर्षाचे दिवस ३६५, दिवसाचे तास २४. एकूण ८७६० तास झाले. रोज ९ तास झोंप धरली तर ३२८५ तास गेले, ५४७५ राहिले. त्यांतून शाळेचे १००० वजा केले म्हणजे ४४७५ उरतात. मूल जागें असतांना शाळेच्या वाट्यास एक तास आला, तर घर, अंगण, रस्ता व मोबाईल यांच्या वाट्यास जवळजवळ साडेचार तास येतात. हा हिशेब आम्ही शाळेची जबाबदारी झटकण्यासाठीं मांडीत नाहीं. आपले हजार तास सार्थकीं लावणें हें शिक्षकांचें कर्तव्यच आहे. परंतु फी भरली, आतां मूल शाळेनें घडवावें, ही समजूत या बेरीज-वजाबाकीपुढें टिकत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति इतकीच :

१. दिवसांतून एक जेवण सर्वांनीं मिळून करावें, व त्या वेळीं मोबाईल बाजूला ठेवावा.

२. "किती गुण?" याच्या जोडीला "आज वर्गांत काय विचारलेंस? कोणाला मदत केलीस?" हेही प्रश्न विचारावे.

३. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाकडे घरांतील एक नेमाचें काम द्यावें.

४. वर्षांतून एकदां डोळे, कान व दांत तपासून घ्यावे.

५. शिक्षकांस निकालानंतर भेटण्यापेक्षां निकालापूर्वी भेटावें; तेव्हां कांहीं करतां येतें.

विद्यार्थ्यांनो, हा लेख वाचून "आतां अभ्यास नको" असा सोयीस्कर अर्थ कोणी काढूं नये! बुद्धि ही चार बाजूंपैकीं एक बाजू आहेच, व तिची हयगय करणारा उरलेल्या तिहींनाही न्याय देत नाहीं. मन लावून अभ्यास करा. परंतु मनापासून झटूनही एखादे वर्षीं गुण कमी आले, तर तें प्रगतिपुस्तक लपवूं नका, आणि घरीं जाण्यास भिऊं नका. धीर होत नसेल तर आधीं आपल्या शिक्षकांकडे या. आम्ही तुमच्याबरोबर घरापर्यंत येऊं. कागदावरचा आंकडा पुढच्या वर्षीं बदलतां येतो. तुम्ही मात्र आईबापांस, आम्हांस व ज्यानें तुम्हांस निर्माण केलें त्या देवास एकुलते एक आहां.

आमच्या मुलामुलींचीं शरीरें सुदृढ होवोत, बुद्धि जागृत राहो, हात कामास व मदतीस तत्पर असोत, आणि अंतःकरणें निर्मळ राहोत, हीच त्या दयाळू पित्याच्या चरणीं प्रार्थना.