सारखा उच्चार, निराळी अक्षरं

१. सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द जोडीनं पाठ केले की आठवतातही जोडीनंच, आणि ऐन वेळी कुठला लिहायचा ते सुचत नाही. संध्याकाळी मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवू लागल्यावर मी जोड्या मोडल्या आणि एकेक शब्द त्याच्या भावकीत नेऊन बसवला. ऐकण्याच्या 'हिअर'मध्ये अख्खा कान आहे: ई-ए-आर. 'इथे' या अर्थाचा 'हिअर' म्हणजे एच-ई-आर-ई. आधी टी लावला की 'तिथे', डब्ल्यू लावला की 'कुठे'. फळ्यावर हे उमटलं तेव्हा मुलांइतकीच मीही हरखले.

२. सायलेंट अक्षरं बहुतेकदा फुकट बसलेली नसतात. 'नाइट' म्हणजे रात्र. पुढे के लावला की चिलखत घातलेला योद्धा. "बोलायचाच नाही, तर के लिहायचा कशाला?" एका मुलीनं विचारलं. त्या प्रश्नानं मला पुस्तकं धुंडाळायला लावली. तो के इंग्लंडात एके काळी स्पष्ट उच्चारत. मधला जी-एचही घसा खरवडत निघायचा. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढे छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. जीभ मात्र बदलत राहिली. समुद्राचा 'सी' आणि पाहण्याचा 'सी' यांचे स्वरही तेव्हा वेगळे होते. ज्याला आपण लहरीपणा म्हणतो, तो पुष्कळदा जुना उच्चार असतो. हे कळल्यापासून मला या मुक्या अक्षरांची माया वाटते.

३. दोन या अर्थाच्या 'टू'मधला डब्ल्यू 'ट्वेल्व्ह', 'ट्वेन्टी', 'ट्विन्स'मध्ये अजून ऐकू येतो. मुलांना एवढं पुरतं.

४. काही जोड्या इंग्रजीत नाहीतच, आपल्या कानानं जुळवल्या आहेत. पश्चिमेचा 'वेस्ट' आणि बनियनचा 'वेस्ट' इंग्रजांना वेगळे ऐकू येतात: पहिल्याला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. आपला 'व' दोन्हीकडे चालून जातो. इथे पाठांतर कामाचं नाही, आरसा लागतो. मुलांना हा तास सर्वांत आवडतो.

५. सारख्या उच्चाराच्या शब्दांत संगणकाची लाल रेघ मदतीला येत नाही, कारण चुकीच्या जागी पडलेला शब्दही बरोबरच असतो. मोठ्यानं वाचूनही फरक कळत नाही. म्हणून शुद्धलेखनाला मी सुटे शब्द घालत नाही, पूर्ण वाक्यच घालते. मराठीतही 'दिन' आणि 'दीन' आम्ही असेच, वाक्यातून सोडवतो.