केळं घातलं नाही, मग वास कुठून आला?

प्रश्न : मुलगा-सून पुण्यात असतात. मागच्या महिन्यात त्यांनी आम्हा दोघांना मुंढव्याकडच्या एका हॉटेलात जेवायला नेलं. तिथं काचेपलीकडं स्टीलच्या मोठाल्या टाक्या होत्या आणि बिअर तिथंच तयार होत होती. मुलानं लाकडी फळीवर मांडलेले चार छोटे ग्लास मागवले. मी घेत नाही, पण वास मात्र सगळ्यांचे घेतले. एकाला चक्क पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास, एक काळीभोर कॉफीसारखी, एक म्हणे कडूजहर आणि एक साधी, नेहमीची. मुलगा म्हणतो, यात केळं, लवंग, कॉफी काहीही घातलेलं नाही. आमच्या ह्यांना ते मुळीच पटत नाही. खरं काय?
— एक वाचक भगिनी, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : ताई, घरात पैज लागली असेल तर ती बहुधा मुलानं जिंकली आहे. काही ठिकाणी बिअरमध्ये खरोखरच आंबा, कोकम किंवा कॉफी घालतात. पण तसं असेल तर यादीत ते कौतुकानं लिहिलेलं असतं. तुम्ही वर्णन केलेल्या चार वासांसाठी मात्र काहीही वरून घालावं लागत नाही. तेव्हा तुमचा प्रश्न असा मांडू : माल एकच, तर चवी चार कशा?

मूळ माल म्हणजे पाणी, धान्य, हॉप्स नावाची फुलं आणि यीस्ट. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. शिवाय टाक्या धुवायला, थंड करायला लागतं ते वेगळं. म्हणून तर २०१६च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्याहून कमी करायला लावलं होतं. चवीतला मोठा फरक मात्र उरलेल्या तिघांमुळे पडतो.

आधी धान्य. मटकीला आणतो तसे बार्लीला, म्हणजे जवाला, भिजवून मोड आणतात. मोड येताना दाण्यात अशी विकरं तयार होतात, जी पिठूळ भागाची साखर करू शकतात. मग दाणे वाळवून मोड पुढं वाढू देत नाहीत. हा झाला माल्ट. हलका वाळवला तर बिअर सोनेरी होते. थोडे दाणे काळे होईपर्यंत भाजले, तर कॉफीच्या बिया भाजताना जे रासायनिक बदल होतात तसेच इथंही होतात आणि तसाच करपट-कडवट सुगंध येतो. तुमच्या काळ्या ग्लासातली, म्हणजे स्टाउटमधली कॉफी ती ही. गंमत म्हणजे एवढा काळा रंग यायला एकूण धान्याच्या दहाव्या हिश्शाइतके भाजके दाणेही पुरतात.

इथंच एक गैरसमज दूर करू. काळी म्हणजे कडक, असं अनेकांना वाटतं. रंग भाजण्यातून येतो, मद्यार्क साखरेतून. दोघांचा संबंध नाही. आयर्लंडची प्रसिद्ध काळी गिनेस साधारण ४.२ टक्क्यांची असते. उलट आपल्याकडं दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणारी पिवळीधमक बाटली आठ टक्क्यांपर्यंत जाते.

आता कडूजहर ग्लास. माल्ट साधारण ६५ अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवला की गोड काढा उतरतो. तो उकळताना त्यात हॉप्स पडतात. ही एका वेलीची हिरवी, शंकूच्या आकाराची फुलं. उकळत्या काढ्यात त्यांच्यातली आम्लं बदलून कडू होतात. लवकर टाकली तर कडूपणा जास्त, शेवटी टाकली तर सुगंध जास्त. कडूपणानं नशा वाढत नाही. तो गोडाला तोल देतो आणि बिअर नासू देत नाही. तुमचा कडू ग्लास बहुधा इंडिया पेल एलचा असणार. नाव ऐकून ती भारतात जन्मली असं वाटतं, पण ती विलायतेचीच. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसनसारखे उत्पादक इथल्या गोऱ्यांसाठी जास्त हॉप्स घातलेली बिअर जहाजांनी पाठवत. आफ्रिकेला वळसा घालून ती महिनोन्‌महिने प्रवास करून यायची.

राहिलं केळं. इथं सगळं श्रेय यीस्टचं. बव्हेरियात १५१६ साली बिअरबद्दल फर्मान निघालं, त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी या तिघांनाच मुभा होती. यीस्टचं नावही नव्हतं. कारण आंबवणारा कोणी सजीव आहे, हे लुई पाश्चरच्या प्रयोगांपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकापर्यंत, नीट कळलेलंच नव्हतं. यीस्ट साखर खातं आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड सोडतं. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. वाटेत वासाची अनेक संयुगंही बनवतं.

गव्हाच्या जर्मन बिअरला हेफेवाइझन म्हणतात. त्यात निम्मा तरी माल्ट गव्हाचा असतो आणि तिचं यीस्ट खास वाणाचं. ते आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं संयुग तयार करतं, आणि पिकल्या केळ्याला वास येतो तोही मुख्यतः याच संयुगाचा. धान्याच्या सालीतल्या एका आम्लापासून ते आणखी एक संयुग बनवतं, जे लवंगेतल्या वासद्रव्याचं जवळचं नातेवाईक आहे. म्हणजे तुमच्या नाकानं फसवलं नाही. वास केळ्याचाच होता, फक्त झाडाचा पत्ता वेगळा. आंबताना टाकी थोडी उबदार ठेवली तर सहसा केळं वर येतं, थंड ठेवली तर लवंग. चौथ्या, साध्या ग्लासातलं यीस्ट दहाएक अंशांच्या गारव्यात सावकाश काम करतं. म्हणून तिथं असले वास जवळपास नसतातच.

ह्यांनी कदाचित अशीही शंका काढली असेल, की गव्हाची बिअर गढूळ का? नासलेली नव्हती ना? नाही. तिच्यात यीस्ट आणि गव्हातली प्रथिनं तरंगत असतात. गाळून काढली तर चवही जाईल. आपल्या मराठवाड्यात वाळूजला बिअरचे मोठे कारखाने आहेत. तिथला माल गाळून, तापवून, बाटलीबंद होतो, म्हणून तो गावोगावच्या दुकानांत महिनोन्‌महिने टिकतो. पुण्यात २००९ साली दूलाली नावाचं, तुम्ही पाहिलंत तसं जागीच बिअर बनवणारं ठिकाण सुरू झालं आणि पुढं तशी ठिकाणं वाढत गेली. तिथली बिअर ताजी, थंड टाकीतून थेट ग्लासात येते. ती ताजी असते एवढंच. ‘केमिकल नाही म्हणून तब्येतीला चांगली’ हे मात्र कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मद्यार्क तोच आणि यकृतही तेच.

पुढच्या वेळी चार ग्लास आले तर क्रम फिक्याकडून गडदाकडं आणि कडू सगळ्यात शेवटी ठेवायला सांगा. कडू आधी घेतली की पुढच्या हलक्या चवी जिभेला लागत नाहीत. अति गार असेल तर मिनिटभर थांबावं, वास मोकळा होतो. मधे पाण्याचा घोट घ्यावा. छोटे छोटे म्हणत चार ग्लास संपले की जवळपास मोठ्या बाटलीएवढी बिअर होते, तेव्हा गाडी चालवणाऱ्यानं तुमच्यासारखा फक्त वास घ्यावा. आणि नातवंडं सोबत असतील तर त्यांना लिंबू सरबत. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

पत्राखाली ताजा कलम आहे : ‘आपल्या ज्वारीची अशी बिअर होईल का?’ होते की! आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. १९८८ साली नायजेरियानं बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारी-मक्याकडं वळावं लागलं. अडचण एवढीच, की ज्वारीचा पिठूळ भाग फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते आणि साखर करणारी विकरं तिच्यात कमी. म्हणून काम अवघड, पण अशक्य नाही.

घरी मात्र करू नका. एक तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय तो गुन्हा. दुसरं, ज्वारीच्या कोवळ्या मोडांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. जाणकार ते मोड काढून टाकतात. ज्वारी आंबवायची हौसच असेल, तर ह्यांना आंबील करायला बसवा. तिथं यीस्टऐवजी दह्यातल्यासारखे जिवाणू काम करतात, आंबटपणा छान येतो आणि परवाना लागत नाही.