जीविताचा रोख
पाठ : फिलिप्पैकरांस पत्र ३:४-१४

आम्ही मोलमजुरी करणारीं माणसें, आमच्या जीविताला हेतु तो कसला, असें कित्येक बंधुभगिनी म्हणतात. रविवारीं उपासना, आणि बाकीचे सहा दिवस येतील तसे काढावयाचे, अशी स्थिति पुष्कळ घरीं दिसते. ह्या पाठांत तिजवर औषध आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हें पत्र लिहितांना पौल बंदिवासांत होता. त्याच्या पायांस मोकळीक नव्हती; तरी आपण कोणीकडे चाललों आहों ह्याविषयीं त्याला संशय नव्हता. म्हणून जीविताचा हेतु सुस्थितीवर अवलंबून नाहीं.

१. मागील गोष्टी सोडणें. पौलाच्या मागें केवळ पापें नव्हतीं. उत्तम कुळ, बन्यामिनाचा वंश व परूशी पंथाचा मान हींही होतीं. त्यानें तीं सर्व हानि अशीं लेखिलीं. आपल्यांत कोणी पूर्वीच्या जातीचा अभिमान उराशीं धरितो, तर कोणी तिच्यामुळें झालेला अपमान. दोघांचीही दृष्टि मागेंच राहते. नांगर धरणारा मागें पाहूं लागला म्हणजे तास वांकडें जातें.

२. आवेशाची दिशा पालटणें. सहाव्या वचनांत मंडळीचा छळ करण्याविषयीं जो मूळ ग्रीक शब्द आहे, तोच बाराव्या व चौदाव्या वचनांत ख्रिस्तामागें धांवण्याविषयीं आहे. देवानें पौलाचा आवेश विझविला नाहीं. त्याचें तोंड फिरविलें. पूर्वी भांडणांत किंवा व्यसनांत जी शक्ति खर्च होत असे, तीच आतां प्रभूच्या उपयोगी पडावी.

३. कामें पुष्कळ, नेम एक. पौल तंबू करी, प्रवास करी, पत्रें लिही. परंतु आपलें काम एकच आहे असें तो मानी. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून निराधार मुली आणून त्यांस आसरा दिला. पुढें केडगांवीं इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरविलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तल्या, तरी बाईंनीं तें काम टाकिलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूजवळ गेल्या, आणि ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. कामें निरनिराळीं होतीं. रोख एकच होता.

परंतु आपण पंडित नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यानें कलस्सै ३:२२-२४ वाचावें. तेथें पौल दासांस, ज्यांना स्वतःची मजुरीही नव्हती त्यांस, सांगतो कीं, तुमचें काम प्रभूचेंच आहे असें समजून जिवाभावानें करा. दासाचें काम जर प्रभूची सेवा ठरतें, तर आपली खुरपणी, मोट किंवा दळण त्याला तुच्छ कसें वाटेल?

विचारार्थ प्रश्न : (१) मागील कोणती गोष्ट आपणांस अजून ओढून धरिते? (२) आपला आवेश आज कोणीकडे धांवतो? (३) उद्यां सकाळचें पहिलें काम प्रभूसाठीं म्हणून केलें, तर त्यांत कोणता फरक पडेल? उपदेशक बंधूंनीं हे प्रश्न प्रार्थनासभेंत विचारावे, आणि उत्तर देण्यास प्रथम स्वतः उभें राहावें.