खाडीवरचे पाहुणे

कल्याण-डोंबिवलीहून आगगाडीने ठाण्यास येताना कळवा मागे पडले, की गाडी पुलावर चढते आणि खाली ठाण्याची खाडी दिसते. अर्थात गर्दीतून बाहेर डोकावता आले तर! पुष्कळांना ती नुसत्या चिखलाची वाटते. परंतु फाल्गुन-चैत्रात, ओहोटीच्या वेळी, हीच खाडी पुढे दक्षिणेस ऐरोली-भांडुपच्या बाजूला पाहावी. चिखलावर दूरवर एक गुलाबी पट्टा पसरलेला असतो आणि तो हळूहळू सरकत असतो. हे रोहित पक्षी होत.

रोहिताची जेवणाची रीत मोठी मौजेची आहे. तो मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवितो. जिभेने भराभर पाणी आत ओढतो व बाहेर टाकतो. चोचीच्या कडेला असलेल्या बारीक झालरीत सूक्ष्म शेवाळ अडकते, तेच त्याचे अन्न. त्याचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. पिलू जन्मते तेव्हा ते करड्या रंगाचे असते! कच्छच्या रणातून व इतर ठिकाणांहून हे पक्षी हिवाळ्यात येथे येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

रोहितांकडे साऱ्यांचे लक्ष जाते. त्यांच्या पायांशी धावणाऱ्या टिलव्याकडे मात्र कोणी पाहत नाही. मला विचाराल तर खरा नवलाचा पाहुणा तोच. चिमणीएवढा हा जीव. वजन जेमतेम २५ ते ३० ग्रॅम. त्याची पिले जन्मतात ती उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात. वसंतात त्याला हजारो किलोमीटर उडून तेथे परतायचे असते. त्यासाठी शिदोरी हवी, आणि ती पाठीवर बांधता येत नाही. म्हणून तो ओहोटीच्या थोड्या तासांत चिखलातील किडे वेचून अंगात चरबी साठवितो. भरती आली, की ताट उचलले गेलेच!

अशा वेळी तुम्ही सहलीला निघता आणि घरचा मोती शेपूट हलवीत दारात उभा राहतो. त्याला न्यावे का? मोती गुणी आहे, कोणाला चावत नाही, हे खरे. पण टिलव्याला ते कसे ठाऊक असणार? या खाडीकाठच्या खारफुटीत कोल्हे राहतात, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने मोती त्यांचाच भाऊबंद. तो दिसताच थवा उडतो. दोन घास जातात आणि साठविलेली थोडी चरबीही जळते. साखळी बांधली म्हणून भागत नाही. सिडनी शहराजवळील रानवाटांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. साखळीला बांधलेले कुत्रे जेथून नेले, तेथे पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. माणसे कुत्र्यावाचून गेली, तेव्हा पक्षी बुजले खरे, पण निम्म्याहूनही कमी. शिवाय मोतीचेही हित पाहिले पाहिजे. चिखलात त्याचे पाय रुतावयाचे, आणि २०२४ साली मुंबईच्या काही कोल्ह्यांत रेबीज हा भयंकर रोग आढळला होता.

तेव्हा मोतीला सकाळी मैदानावर मनसोक्त पळवून आणावे आणि मग आपण निघावे. खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ साली रोहितांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही ठाणे खाडीचे नाव आले. ऐरोलीच्या केंद्रातून नावेने पक्षी पाहावयास जाता येते. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी, भडक कपडे टाळावेत, दुर्बीण असल्यास आळीपाळीने वापरावी. मात्र सहल वैशाख उलटण्यापूर्वीच काढावी. रोहितांचे थवे बहुधा रात्रीच प्रवास करतात, आणि टिलवे तर त्यांच्याही आधी निघून जातात.