दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि वेळेचे महत्त्व

लघवीतून रक्त गेले तरी ‘उष्णता झाली’ म्हणून स्वस्थ बसणारे रुग्ण मकरपुऱ्यात मला अनेकदा भेटतात. वेदना नसणे हीच येथे फसवणूक होय. १९९० साली अमेरिकेत डॉ. राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीद्वारे प्रथमच मूत्रपिंड काढले. आज ही सोय आपल्या शेजारी नडियाद येथेही आहे. गाठ ४ सें.मी.पर्यंत असल्यास बहुधा तेवढीच काढून उरलेले मूत्रपिंड वाचविता येते. मूत्रवाहिनीच्या मुखाशी अडथळा असल्यास अरुंद भाग कापून ती पुन्हा जोडता येते. मात्र दीर्घकाळच्या दाबाने नष्ट झालेले कार्य परत येत नाही, मग छेद कितीही लहान असो. म्हणून रक्त एकदाच दिसले, तरी लघवीची तपासणी व सोनोग्राफी अवश्य करून घ्यावी.